चाव्यांचा जुडगा आणि सहीची जागा

दूरचित्रवाणीवरील मालिकांत सासू ओळखायची तर एक खूण फार वर्षे पुरेशी होती, ती म्हणजे कमरेला खोचलेला चाव्यांचा जुडगा. त्या चाव्यांनी कोणते कुलूप उघडते, कपाटात दागिने आहेत की दस्तऐवज, याचा उलगडा सहसा होत नसे. चाव्या सुनेच्या हाती द्यायच्या की नाही, यावर मात्र मालिका महिनोन्महिने चाले. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत, खाली दुकान आणि वर घर अशा वास्तूंत, दिवसाउजेडी जेवणे उरकून ज्या बायका ही दृश्ये पाहत आल्या, त्यांच्या घरीही तिजोरी असते आणि चाव्याही असतात. तिजोरीची किल्ली कोणाजवळ आणि तिजोरीतील पैशाचा निर्णय कोणाचा, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे व्यापारी घरातील बाईला निराळे सांगावे लागत नाही.

पडद्यावरची ज्येष्ठ स्त्री गेल्या सत्तर वर्षांत पुष्कळ बदलली. ती आता परदेशी सहलीला जाते, नाचते, रुसते, क्वचित दुसरे लग्नही करते. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु तो किती खोल गेला हे तिच्या साडीवरून वा गॉगलवरून कळणार नाही. कथेतील महत्त्वाचा निर्णय तिचा आहे का, आणि कथा संपल्यावर तिच्यापुढे स्वतःचे असे काही उरते का, या दोन कसोट्या लावल्या म्हणजे चित्र स्पष्ट होते.

त्यागमूर्ती आणि खाष्ट सासू

१९५३ साली आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ प्रदर्शित झाला. वनमाला यांनी साकारलेली आई मराठी घराघरांत पूज्य ठरली आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा तो देशातील पहिला कथापट ठरला. त्या आईचे सामर्थ्य तिच्या विचारात होते. मुलाला काय शिकवावे, कोठे कठोर व्हावे, हे ती स्वतः ठरवीत होती. पुढच्या चित्रपटांनी तो विचार बाजूला ठेवला आणि तिचे अश्रू तेवढे उचलले. ‘मोलकरीण’ (१९६३) या चित्रपटात सुलोचनाबाईंनी स्वतःच्या मुलाच्या घरी मोलकरीण म्हणून राबणारी आई उभी केली. प्रेक्षक ढसाढसा रडले. सुलोचनाबाईंचा चेहरा म्हणजे वात्सल्य, हे समीकरण मराठीत आणि हिंदीतही त्यानंतर कायम राहिले. ‘दीवार’ (१९७५) मध्ये निरूपा रॉय यांच्या वाट्याला एक निर्णय आला, तोही दोन मुलांपैकी कोणाकडे राहायचे एवढाच.

याच्या अगदी उलट साचा ललिता पवार यांच्या नावाने ओळखला जातो. नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या या अभिनेत्री तरुणपणी नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या आणि पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या या बाईकडे खाष्ट सासवांच्या भूमिका आल्या. तो बारीक झालेला डोळाच पुढे कपटाची खूण ठरला. त्याच ललिताबाईंनी ‘अनाडी’ (१९५९) मध्ये जिभेने तिखट आणि मनाने मऊ अशी घरमालकीण, मिसेस डिसा, इतक्या ताकदीने उभी केली की तिच्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. एकाच अभिनेत्रीत दोन्ही रंग होते. मागणी मात्र एकाच रंगाला होती. १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा मंथरा म्हणून पुन्हा त्याच समोर आल्या. १९९१ च्या ‘माहेरची साडी’त उषा नाडकर्णी यांनी हा साचा पुढे नेला आणि सासूचा द्वेष करण्यासाठी लोक गावोगावाहून चित्रपटगृहांत आले.

या दोन साच्यांच्या मध्ये जी हजारो घरांतील खरी आई वा सासू असते, म्हणजे कधी प्रेमळ, कधी हट्टी, कधी व्यवहारी, कधी चुकणारी, तिला पडद्यावर जागा नव्हती. गंमत अशी की पडद्याआड हे चित्र वेगळे होते. दुर्गा खोटे यांनी ‘मुघल-ए-आझम’पासून ‘बिदाई’पर्यंत कितीतरी आया रंगविल्या. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. स्वतः मात्र त्या निर्मिती-संस्था चालवीत होत्या आणि दूरदर्शनवर गाजलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच संस्थेची होती. ऐंशी वर्षांची स्त्री उद्योग चालवू शकते, हे वास्तवात घडत असताना पडद्यावर तसे पात्र लिहावे असे कोणाला वाटले नाही.

वयाचा हिशेब

व्यापारी घरांना आकड्यांची भाषा जवळची, म्हणून काही आकडे पाहण्यासारखे आहेत. ‘मैंने प्यार किया’ (१९८९) मध्ये रीमा लागू सलमान खान यांच्या आई होत्या. प्रत्यक्षात दोघांच्या वयात सात वर्षांचे अंतर. ‘वास्तव’ (१९९९) मध्ये त्या संजय दत्त यांच्या आई झाल्या. तेथे अंतर एका वर्षाचे. ‘अग्निपथ’ (१९९०) मध्ये रोहिणी हट्टंगडी अमिताभ बच्चन यांच्या आई होत्या आणि वयाने त्यांच्याहून लहान होत्या. ‘सारांश’ (१९८४) मध्ये मुलगा गमावलेल्या वृद्ध पार्वती प्रधानची भूमिका त्यांनी केली ती तिशीच्या आसपास. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका २००० साली सुरू झाली तेव्हा स्मृती इराणी चोवीस वर्षांच्या होत्या. मालिकेने काळाच्या उड्या मारल्या आणि बघता बघता त्या सासू झाल्या, आजी झाल्या. केसांत एक पांढरी बट आली, चेहऱ्यावर सुरकुती मात्र एकही आली नाही.

या अभिनेत्रींच्या गुणवत्तेविषयी शंका नाही. ‘सारांश’मधील पार्वती आजही पाहणाऱ्याला हलवून सोडते. प्रश्न पडतो तो या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूचा. पुरुष पन्नाशीतही नायक राहिला आणि स्त्री तिशीतच आई झाली. परिणाम असा झाला की खरोखर साठी-सत्तरीतील स्त्रीचा चेहरा, तिची चाल, तिचे दुखरे गुडघे, तिचा शांत विनोद हे सारे पडद्यावरून नाहीसे झाले. अगदी २०१९ मध्ये ‘सांड की आँख’ हा चित्रपट आला, तोही साठी उलटल्यावर हाती बंदूक घेऊन नेमबाजीत नाव कमावणाऱ्या उत्तर प्रदेशातील चंद्रो आणि प्रकाशी तोमर यांच्यावर. परंतु या भूमिका दोन तरुण अभिनेत्रींना देण्यात आल्या. निदान आपल्या वयाच्या भूमिका तरी आपल्याला द्या, असे ज्येष्ठ अभिनेत्री नीना गुप्ता यांनी तेव्हा जाहीरपणे म्हटले होते.

व्यापारी घर, पण दुकानाविना

२००० नंतरच्या हिंदी मालिकांचा मराठवाड्यातील गुजराती-मारवाडी घरांशी एक खास संबंध आहे. ‘क्योंकि’मधील विराणी कुटुंब गुजराती, ‘कहानी घर घर की’ मारवाडी, पुढे ‘साथ निभाना साथिया’मधील कोकिला मोदी राजकोटची. एकत्र कुटुंब, मोठा वाडा, सणवार, लग्नकार्ये, पदराखालून वाकून केलेला नमस्कार, हे सारे प्रेक्षकांना ओळखीचे होते. देशाने व्यापारी घर पाहिले ते या मालिकांतून.

पण त्या घरांत एक गोष्ट नव्हती. ती म्हणजे व्यापार. तूर-सोयाबीनचा भाव, कापडाच्या गाठी, अडकलेली उधारी, दिवाळीचा हिशेब, परगावाहून आलेला ग्राहक, यांपैकी काहीच नाही. घरातील पुरुष सूट घालून बाहेर जात आणि स्त्रिया दिवसभर भरजरी साड्यांत एकमेकींविरुद्ध कट रचीत. ज्या ज्येष्ठ स्त्रीने प्रत्यक्षात चाळीस वर्षे पेढीवरच्या माणसांची जेवणे सांभाळली, मंदीत खर्च आवळला, वेळेला दागिने काढून दिले आणि कोणता भाचा विश्वासाचा आहे हे नवऱ्याआधी ओळखले, तिचे हे काम पडद्यावर आलेच नाही. तिच्या हाती उरल्या त्या चाव्या आणि वाकडी नजर. ‘आपली घरे अशी नसतात’ असे म्हणतच ती मालिका घरोघरी पाहिली गेली.

या काळात एक अपवाद ठळकपणे आठवतो. ‘बालिका वधू’ (२००८) मधील सुरेखा सिक्री यांची कल्याणी देवी, सर्वांची ‘दादीसा’. राजस्थानी मूळ असलेल्या घरांत हा शब्द रोजचा. ती कठोर होती, प्रसंगी क्रूरही होती. पण तिच्या कठोरपणामागे तिने स्वतः भोगलेले आयुष्य होते आणि कथा पुढे जाताना ती बदलत गेली. म्हातारे माणूस बदलू शकते, एवढी साधी गोष्ट दाखवायला दूरचित्रवाणीला इतकी वर्षे लागली. याच सुरेखाजींना पुढे ‘बधाई हो’ (२०१८) मधील आजीसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

वळण

मराठीत या वळणाची चाहूल त्याआधीच लागली होती. १९९८ च्या ‘तू तिथं मी’ या चित्रपटात निवृत्तीनंतर मुलांच्या सोयीसाठी वेगवेगळ्या घरी राहावे लागणारे पती-पत्नी मोहन जोशी आणि सुहास जोशी यांनी साकारले. त्यात अश्रू होते; पण म्हाताऱ्या नवरा-बायकोला एकमेकांचा सहवास हवासा वाटतो, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे प्रथमच इतक्या सरळपणे सांगितले गेले.

‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) मध्ये श्रीदेवी यांची शशी गोडबोले ही पुण्यातील गृहिणी घरी लाडू करून विकते. नवरा आणि मुलगी तिला इंग्रजी येत नाही म्हणून हसतात. तिच्या धंद्याची किंमत मात्र त्यांना नसते. दिग्दर्शिका गौरी शिंदे यांच्या आईचा पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय होता आणि चित्रपटाची प्रेरणा तीच होती. या चित्रपटात सुलभा देशपांडे यांनी रंगविलेली सासू चार वाक्ये बोलते, पण सुनेची बाजू ओळखते. तिच्या कमरेला चाव्या नाहीत, आणि त्यांची उणीवही भासत नाही.

‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३) मध्ये रोहिणी हट्टंगडी यांची भागीरथी आजी ‘गोखले गृहउद्योग’ या व्यवसायाची प्रमुख होती. याच अभिनेत्रीने त्याआधी ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेत तीन हजारांहून अधिक भाग आशालता देशमुख साकारली होती. सासूपणाचे वजन ते होतेच. आता त्याला उद्योगाची जोड मिळाली. एक आजी उद्योगाची मालक आहे आणि नातू तिच्या शब्दाबाहेर नाही, हे दृश्य महाराष्ट्राने रोज रात्री सुमारे अडीच वर्षे पाहिले.

२०१९ हे वर्ष या बाबतीत विशेष ठरले. ‘अग्गंबाई सासूबाई’मध्ये निवेदिता सराफ यांची आसावरी ही विधवा, सर्वांच्या मर्जीने जगणारी सासू, आणि तिच्या पुनर्विवाहासाठी पुढाकार घेते ती तिची सून. सासू-सुनेच्या भांडणावर उभ्या राहिलेल्या या व्यवसायात सून सासूच्या सुखासाठी नवऱ्याशी वाद घालते, ही कल्पनाच नवी होती. त्याच वर्षाच्या शेवटी ‘आई कुठे काय करते!’ सुरू झाली. मूळ बंगाली मालिकेवर बेतलेल्या या कथेने हिंदीत ‘अनुपमा’चे रूप घेतले. मराठीतील अरुंधती आणि गुजराती शहा कुटुंबातील अनुपमा, दोघींच्याही वाट्याला मोठी मुले, नवऱ्याची फसवणूक आणि मग शून्यातून सुरुवात. मराठी मालिकेच्या नावातच टोमणा होता. दिवसभर राबणाऱ्या बाईला ‘तू करतेसच काय’ असे विचारणारे घर हे केवळ देशमुखांचे किंवा शहांचे नव्हते.

तिकीट कोण काढते?

चित्रपटगृहांतही हे वारे पोहोचले. २०२१ च्या नोव्हेंबरात, करोनाच्या बंदीनंतर चित्रपटगृहे नुकतीच उघडली असताना, हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ आला. निरनिराळ्या वयांच्या स्त्रिया इंग्लंडच्या सहलीला जातात, एवढीच कथा. ‘तू तिथं मी’मधील सुहास जोशी येथे सर्वांत ज्येष्ठ इंदू होत्या; २०२३ च्या ‘झिम्मा २’ मध्ये त्या इंदूचा पंचाहत्तरावा वाढदिवस हेच निमित्त ठरले. २०२३ च्या जूनअखेर केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ प्रदर्शित झाला. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. थोरली बहीण रोहिणी हट्टंगडी, तिच्या पाठची वंदना गुप्ते. नऊवारी नेसून, गॉगल लावून बायकांचे घोळके राज्यभर चित्रपटगृहांत गेले आणि आजवरच्या सर्वाधिक कमाईच्या मराठी चित्रपटांत त्याची गणना झाली.

बाजाराचा नियम व्यापाऱ्याला सांगायला नको. ज्या मालाला गिऱ्हाईक आहे, तोच माल दुकानात येतो. वर्षानुवर्षे चित्रपटाचा ग्राहक म्हणजे तरुण मुलगा, असे धरले जात होते. पन्नाशी-साठीतील बाई मैत्रिणींना घेऊन, स्वतःच्या पैशाने तिकीट काढते, हे दिसल्याबरोबर तिच्यासाठी कथा लिहिल्या जाऊ लागल्या. हा बदल उपकाराने आलेला नाही. तो ग्राहक म्हणून तिने आणला. संध्याकाळच्या मालिकांचेही तेच. दूरचित्रवाणीसमोर सर्वांत नियमितपणे बसते ती घरातील ज्येष्ठ स्त्री, आणि आपल्यासारखे माणूस पडद्यावर पाहण्याचा आग्रह तिने धरला तर तो नाकारणे वाहिन्यांना परवडणारे नाही.

तरीही एक सावधगिरी हवी. त्यागमूर्ती आणि खाष्ट सासू हे दोन साचे मोडून तिसरा साचा तयार होऊ नये. नाचणारी, खोडकर, मोबाइलवर तरबेज असलेली आजी हीच तेवढी ‘आधुनिक’ आणि घरात शांत बसून सामायिक करणारी, नातवंडांत रमणारी स्त्री मागासलेली, असे मानणे हाही अन्यायच. शिवाय या नव्या कथांतील बहुतेक स्त्रिया मुंबई-पुण्याच्या, सुस्थितीतील आहेत. ‘लापता लेडीज’ (२०२४) मध्ये छाया कदम यांची मंजू माई रेल्वेच्या फलाटावर चहाचा स्टॉल चालविते. एकटी राहते, स्वतः कमावते आणि कोणाचे ऐकून घेत नाही. अशी बाई नांदेडच्या स्थानकावरही भेटेल, लातूरच्या भाजीबाजारातही भेटेल. मराठवाड्याची बोली बोलणारी, मुलांनी गाव सोडल्यावर घर आणि शेत सांभाळणारी आजी मराठी पडद्यावर अजून क्वचितच दिसते.

सहीची जागा

मालिकांत आणखी एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. वयस्क आईसमोर कोणीतरी कागद ठेवतो, ती विश्वासाने सही करते आणि घर हातचे जाते. प्रेक्षक हळहळतात, त्या खलपुरुषाला शिव्या देतात. पण कागद न वाचता सही करण्याची सवय त्या बाईला कोणी लावली, हा प्रश्न मालिका विचारीत नाही.

व्यापारी कुटुंबांत हा प्रश्न पडद्यापुरता नाही. घरच्या पेढीत आई किंवा पत्नी कागदोपत्री भागीदार असते, तिच्या नावे ठेव असते, जागा असते. करविवरणपत्रावर तिची सही असते. हे सारे करसल्लागाराच्या सांगण्यावरून होते आणि ‘येथे सही कर’ एवढेच तिला सांगितले जाते. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. त्यानुसार पुरुष मृत्युपत्र न करता निवर्तला तर त्याची पत्नी, आई, मुलगे आणि मुली हे सारे पहिल्या वर्गाचे वारस ठरतात आणि प्रत्येकाचा वाटा सारखा असतो. स्त्रीच्या मालकीच्या मिळकतीवर तिचा पूर्ण हक्क असतो. घरात दुःख ताजे असतानाच हक्कसोडपत्र तयार होते, आणि आईने सही करणे म्हणजेच मुलांवर माया करणे, असे गृहीत धरले जाते. मुलांना देऊन टाकण्याची तिची इच्छा असेल तर ती जरूर द्यावी. पण आपण काय देत आहोत हे तिला ठाऊक असावे, आणि नाही म्हणण्याची मोकळीक असावी. माहीत नसताना दिलेल्या गोष्टीला दान म्हणता येत नाही.

अरुंधतीला टाळ्या देणाऱ्या किंवा ‘बाईपण’ पाहून डोळे पुसणाऱ्या घरात आईची सही अजूनही अशीच घेतली जात असेल, तर पडदा बदलला आणि घर जुनेच राहिले, असे म्हणावे लागेल. याची दुरुस्ती अवघड नाही. तिच्या नावे काय काय आहे याची एक यादी मराठीत किंवा तिला वाचता येईल त्या भाषेत लिहून तिच्याजवळ द्यावी. सहीचा कागद आदल्या दिवशी दाखवावा, मुलाने वा सुनेने वाचून समजावून सांगावा. मोठी खरेदी, नवे कर्ज, जागेचा व्यवहार, या वेळी तिचे मत विचारावे आणि ते वेगळे असले तर थांबून ऐकावे. सुनांचाही यात मोठा वाटा आहे. ‘अग्गंबाई सासूबाई’ने हेच सुचविले आहे की सासूचा हक्क सांभाळणारी सून उद्या स्वतःचाही हक्क सांभाळीत असते.

दिवाळीला पेढीवर वहीपूजन होते. घरातील थोरली बाई नव्या वहीला कुंकू लावते, वही पुन्हा मिटते आणि दुकानात जाते. या वर्षी कुंकू लावून झाल्यावर जुन्या वहीचे पानही तिच्यासमोर उघडावे, आणि वर्ष कसे गेले ते तिला शांतपणे सांगावे.